टर्बो की बिनटर्बो? शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाविषयी एक शंका

प्रश्न : होटगीरोडकर

सर्वांना नमस्कार.

मी सोलापुरात यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. आम्ही बारा जण मिळून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत या विद्यार्थी स्पर्धेसाठी एकआसनी गाडी बांधत आहोत. इंजिन मोटारसायकलचे आहे, एकच सिलिंडर, ३७३ सीसी. गेल्या तीन आठवड्यांपासून आमच्यात सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाला त्यावर टर्बो, म्हणजे आत जाणारी हवा दाबणारा पंखा, बसवायचा आहे, तर दुसऱ्याला ते आहे तसेच, म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, ठेवायचे आहे. माझ्या मामांचे अक्कलकोट रोडला गॅरेज असून त्यांचे आयुष्य ट्रक आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांत गेले आहे. त्यांचे म्हणणे असे, की टर्बो हा डिझेलचा दागिना आहे, पेट्रोलच्या गळ्यात तो शोभत नाही.

मी वाचायला बसलो, तर वाचावे तितका गोंधळ वाढतो. टर्बो खरोखर सरस असेल, तर फॉर्म्युला वनने १९८९ पासून २०१३ पर्यंत त्याला दाराबाहेर का ठेवले, आणि पोर्शे आजही ९११ जीटी३ बिनटर्बो का विकते? उलट बिनटर्बो इंजिन सरस असेल, तर फेरारीसारख्या कंपनीने आपल्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) गाडीत ते का सोडले? आमच्या गाडीपुरता सल्ला मिळाला तर हवाच आहे, पण त्याआधी ही मूळ गोष्ट समजून घ्यायची आहे.

उत्तर १ : जुनाप्रेक्षक

शर्यतीचे इंजिन निवडताना पहिला प्रश्न नियमावलीला विचारायचा असतो : बाई, तू नेमके काय मोजतेस? तिचे उत्तर मिळाले, की निम्मा वाद तिथेच मिटतो.

इंजिनाची ताकद म्हणजे ते एका मिनिटात किती हवा पोटात घेऊन जाळू शकते याचा हिशोब आहे, कारण पेट्रोल हवे तितके फवारता येते, अडचण नेहमी हवेची असते. हवा वाढवण्याचे मार्ग तीनच : सिलिंडर मोठे करा, इंजिन अधिक वेगाने फिरवा किंवा आत जाणारी हवा दाबून अधिक दाट करा. बिनटर्बो इंजिनाला पहिले दोनच मार्ग मोकळे असतात. टर्बो तिसरा मार्ग उघडतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूतून काढतो. पेट्रोलमधील उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग त्या वाटेने निघून जातो, हे लक्षात घेतले म्हणजे आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच या कल्पनेचे पेटंट का घेतले असेल ते कळते.

आता फॉर्म्युला वनचा इतिहास या नजरेने पाहा. १९६६ पासून नियम असा होता, की साधे इंजिन ३ लिटरचे आणि हवा दाबून घेणारे १.५ लिटरचे असावे. म्हणजे नियम सीसी मोजत होता आणि दाबाविषयी चकार शब्द काढत नव्हता. ही फट दहा वर्षे उघडी पडून होती. रेनॉने १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला तिच्यातून आपली १.५ लिटरची टर्बो व्ही६ आत आणली, तेव्हा ती गाडी इतक्या वेळा धूर सोडत थांबू लागली, की प्रतिस्पर्ध्यांनी तिचे नाव ‘पिवळी किटली’ असे पाडले. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, दिजाँ येथे चालक जाबुईने त्याच कंपनीच्या गाडीत फ्रेंच ग्रांप्री जिंकली. त्या हंगामात एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो लावले होते आणि त्यामुळे लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर टर्बोला वेग घ्यायला लागणारा उशीर, बराच आटोक्यात आला होता. १९८३ मध्ये नेल्सन पिके टर्बोवर विश्वविजेता झालेला पहिला चालक ठरला. त्याच्या ब्रॅबममधील बीएमडब्ल्यूचे इंजिन चार सिलिंडरचे होते आणि त्याचा बिडाचा ब्लॉक रोजच्या रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनावरून घेतलेला होता. १९८६ पर्यंत पात्रता फेरीत याच जातीचे इंजिन तेराशे अश्वशक्तीच्या घरात गेल्याचे मानतात. दीड लिटरमधून तेराशे! अशी इंजिने पात्रता फेरीच्या दोनचार फेऱ्यांपुरतीच जगत, ही गोष्ट वेगळी.

नियमावलीला मग जाग आली. एका शर्यतीसाठी मिळणारे इंधन १९८४ मध्ये २२० लिटरवर आणि १९८६ मध्ये १९५ लिटरवर आले, १९८७ मध्ये बूस्टला, म्हणजे टर्बो देतो त्या हवेच्या दाबाला, ४ बारची मर्यादा घातली गेली आणि १९८८ मध्ये टर्बोवाल्यांना २.५ बार व १५० लिटर एवढ्यावर बांधून टाकले, तर ३.५ लिटरच्या बिनटर्बो गाड्यांना इंधनाची मर्यादाच ठेवली नाही. हात असे बांधूनही त्या वर्षी मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. उरलेली मॉन्झाची शर्यत फेरारीने जिंकली, आणि तिच्यातही टर्बोच होता. म्हणून १९८९ च्या बंदीला माझ्या मते एकच अर्थ आहे : टर्बो हरत नव्हता, म्हणून त्याला काढले.

त्यानंतर नियम सीसी मोजत राहिला आणि दाबाची वाट बंद झाली, तेव्हा अभियंत्यांकडे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, एवढा एकच मार्ग उरला. ३ लिटरच्या व्ही१० आणि नंतर २.४ लिटरच्या व्ही८ इंजिनांचे ते किंचाळणे हा या एकुलत्या उरलेल्या मार्गाचा परिणाम होता. शेवटी आरपीएमलाही २००७ मध्ये १९,००० आणि २००९ मध्ये १८,००० असे कुंपण घालावे लागले.

२०१४ मध्ये मोजमापच बदलले. ताशी १०० किलोपेक्षा अधिक इंधन वाहू द्यायचे नाही, असा नियम आला. इंधनच मोजून मिळणार असेल, तर जो उष्णता कमी वाया घालवील तो पुढे जाणार, आणि तिथे टर्बोला पर्याय नव्हता. १.६ लिटरच्या व्ही६ ला १५,००० आरपीएमपर्यंत जाण्याची मुभा होती, पण इंधनाची कमाल मर्यादा १०,५०० लाच गाठली जात असल्यामुळे त्यापुढे फार वर जाण्यात कोणालाच रस उरला नाही. टर्बोच्या दांड्यावर एक विद्युत मोटर बसवून लॅग संपवला गेला, त्याच मोटरने उरलेल्या वायूतून वीजही काढली, आणि २०१७ मध्ये मर्सिडीजने आपल्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता चाचणी मंचावर ५० टक्क्यांच्या पुढे गेल्याचे जाहीर केले. २०२६ च्या नियमांत ती मोटर काढून टाकली आहे, त्यामुळे लॅग हा शब्द तिथे पुन्हा ऐकू येऊ लागला आहे.

तेव्हा आपल्या स्पर्धेची नियमावली काय मोजते ते आधी सांगा.

उत्तर २ : तारसप्तक

जुनाप्रेक्षक यांनी शर्यतीचा हिशोब चोख मांडला आहे, तरी मला एक भर आणि थोडा मतभेद नोंदवायचा आहे.

भर अशी. ऑक्टोबर २०१३ मध्ये मी सोलापूरहून दिल्लीला आणि तिथून ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर गेलो होतो. भारतात झालेल्या तिन्ही ग्रांप्री, २०११, २०१२ आणि २०१३, चालक फेटेलने रेड बुल संघाकडून जिंकल्या आणि तिन्ही व्ही८ च्या काळात झाल्या, म्हणजे आपल्या देशातील फॉर्म्युला वनच्या शर्यतीत टर्बोचा आवाज कधी घुमलाच नाही. आठ सिलिंडरचे चारधावी इंजिन १८,००० आरपीएमला फिरते, तेव्हा सेकंदाला १,२०० स्फोट होतात. पुढच्या वर्षी आलेले सहा सिलिंडरचे इंजिन १२,००० ला फिरते, तेव्हा ६०० होतात. बरोबर निम्मे, म्हणजे गाण्याच्या भाषेत एक सप्तक खाली. त्यातही टर्बाइन, म्हणजे टर्बोतले वायूने फिरणारे चाक, वायूच्या लाटा मध्येच अडवून त्यांची धार काढून घेते. गाडी इंधनाला काटकसरी झाली आणि तिचा तार सप्तकातला सा मात्र मध्य सप्तकात उतरला. कार्यक्षमतेच्या तक्त्यात याला रकाना नाही, पण तिकीट काढून येणाऱ्याच्या लेखी आहे.

मतभेद स्पोर्ट्स कारविषयी आहे. रस्त्यावरच्या गाडीला शर्यतीची नियमावली नसते. तिच्या जागी धूर मोजणारे कायदे आणि कर असतात. आपल्याकडे १,२०० सीसीच्या आतल्या आणि चार मीटरपेक्षा आखूड पेट्रोल गाडीवर कर कमी, म्हणून एक लिटरचे टर्बो इंजिन घराघरांत पोहोचले. परदेशात कार्बन डायऑक्साइडच्या मर्यादांनी हेच काम महागड्या गाड्यांच्या बाबतीत केले. परंतु या गाड्या घेणारा माणूस आकड्यांसाठी थोडा आणि उजव्या पायाखालच्या जाणिवेसाठी अधिक पैसे मोजतो.

फेरारीचेच उदाहरण घ्या. ४५८ इटालियामध्ये ४.५ लिटरचे बिनटर्बो व्ही८ होते. ५७० पीएस (अश्वशक्ती), तेही ९,००० आरपीएमला, आणि ५४० न्यूटनमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ६,००० ला. २०१५ मध्ये तिच्या जागी आलेल्या ४८८ जीटीबीमध्ये ३.९ लिटर आणि दोन टर्बो आले. ताकद ६७० पीएसवर गेली आणि टॉर्क ७६० न्यूटनमीटर, तोही ३,००० आरपीएमलाच. कागदावर ही तुलनाच नव्हे. तरीही फेरारीने खालच्या गिअरमध्ये हा टॉर्क मुद्दाम रोखून धरला, तो आरपीएमबरोबर चढत जाईल अशी व्यवस्था केली आणि पूर्ण ७६० फक्त सातव्या गिअरसाठी राखून ठेवला. टर्बोला बिनटर्बोची चाल शिकवण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, यातच त्या जुन्या इंजिनात काहीतरी होते याची कबुली आहे. पोर्शेच्या जीटी३ चे ४ लिटरचे इंजिन आजही ९,००० पर्यंत जाते आणि थ्रॉटल (पायाने उघडणारी हवेची झडप) जितके उघडाल तितकेच, त्याच क्षणी देते. वळणाच्या मधोमध अर्धा मिलिमीटर पाय हलवून गाडीचा तोल सावरणाऱ्या चालकाला ही अचूकता शंभर अश्वशक्तीपेक्षा मोलाची वाटू शकते.

विद्यार्थी चालकांना तर वाटायलाच हवी, असे माझे मत.

उत्तर ३ : दहा-बाराचा पाना

मी याच गावातला फिटर आहे. होटगीरोडकर, तुमच्या मामांची बाजू अर्धी बरोबर आहे. डिझेलमध्ये फक्त हवा दाबली जाते आणि इंधन शेवटी येते, म्हणून नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याची, भीती नसते आणि टर्बो तिथे सुखाने नांदतो. पेट्रोलमध्ये हवा दाबली की ती तापते, तापलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप पेटते आणि पिस्टनचे डोके फुटते. म्हणून पेट्रोल टर्बोला कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते) उतरवावा लागतो, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सांभाळणारा संगणक लागतो. हे सगळे मिळाले तर पेट्रोललाही दागिना शोभतो.

सोलापूरच्या उन्हाचे मात्र ध्यानात ठेवा. आपले गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे आणि मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो. १५ अंशांच्या, समुद्रकाठच्या हवेशी तुलना केली, तर आपल्या दुपारच्या हवेत १३-१४ टक्के माल कमीच असतो. बिनटर्बो गाडी तेवढी ताकद निमूटपणे घालवते. टर्बो गाडी बूस्ट चढवून उंचीची भरपाई करते, पण इंटरकूलरवरून जाणारा वाराच ४३ अंशांचा असल्यामुळे संगणक टायमिंग मागे घेतो. तुळजापूरच्या घाटात भर दुपारी एसी लावून चढणारे गिऱ्हाईक मग ‘गाडी उचलत नाही’ म्हणून माझ्याकडे येते, आणि रात्री तीच गाडी त्याच घाटात पळते.

दुसरे, ऑइल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. जोरात पळवलेली गाडी उभी करून लगेच बंद केली, की तिथले ऑइल जळून त्याची काजळी धरते. माझ्या स्वतःच्या गाडीचा टर्बो मी असाच घालवला आहे, पुण्याहून एका दमात आलो आणि दारात किल्ली फिरवली. दुसऱ्याला शिकवणारा मी, त्यामुळे ही गोष्ट फारशी कोणाला सांगत नाही.

होटगीरोडकर

आपणा सर्वांचे आभार. नियमावली पुन्हा काढून वाचली. ती दोन गोष्टी मोजते. इंजिन ७१० सीसीच्या आत असावे, आणि इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे बारीक भोकातून, जावी. टर्बोला परवानगी आहे. आमच्या टर्बोवाल्या तटाचे म्हणणे असे, की भोक बारीक आहे म्हणूनच टर्बो हवा, तो हवा जोराने ओढून घेईल. हे बरोबर आहे का?

उत्तर ४ : प्लेनम

हे अर्धवट बरोबर आहे, आणि अर्धवट बरोबर असल्यामुळेच त्यात मुले फसतात. मीही फसलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या भोकातून हवा कितीही ओढली तरी तिचा वेग घशाशी ध्वनीच्या वेगाइतका झाला, की प्रवाह गोठतो. पलीकडे टर्बो असो, दहा टर्बो असोत किंवा निर्वात पोकळी असो, २० मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण ७५ ग्रॅमपेक्षा अधिक हवा जाणार नाही. प्रत्यक्षात थोडी कमीच जाईल. ही कमाल मर्यादा सर्वांना सारखी आहे. ६०० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन १२,००० आरपीएमला या मर्यादेपर्यंत स्वतःच पोहोचते, त्यामुळे त्याला टर्बो लावून कमाल ताकदीत विशेष काही मिळत नाही.

आपले ३७३ सीसीचे इंजिन ९,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ३३ ग्रॅम हवा घेते, म्हणजे मर्यादेच्या निम्मीही नाही. आपल्या मित्रांचा मुद्दा इथे खरा ठरतो : मधली जागा भरून काढायला टर्बोला वाव आहे. रॅलीच्या गाड्यांनी हेच केले. जुन्या ग्रुप ए या रॅलीच्या वर्गात २ लिटरच्या टर्बो इंजिनासमोर ३४ मिलिमीटरचे भोक होते, त्यामुळे ताकद तीनशे अश्वशक्तीच्या आसपास अडली, पण टॉर्क पाचशे न्यूटनमीटरच्या वर नेऊन ठेवला गेला. भोक फक्त वरच्या आरपीएमला गळा धरते, खालच्या आरपीएमला टर्बो मोकळा असतो.

आता अडचणी. एकसिलिंडर इंजिन चार धावांपैकी एकाच धावेत हवा घेते. सरासरी ३३ ग्रॅम असली, तरी त्या एका धावेपुरता ओढा चौपट, म्हणजे १३० ग्रॅमच्या आसपास जातो, आणि तिथे ७५ ची भिंत लागते. म्हणून बिनटर्बो ठेवले तरी भोक आणि इंजिन यांच्यामध्ये हवेचा एक पोकळ साठा, म्हणजे प्लेनम, लागतोच. तो भोकातून हवा संथपणे घेत राहतो आणि इंजिनाला घोटाघोटाने देतो. बाहेर पडणारा वायूही असाच धक्क्याधक्क्याने येतो, दोन फेऱ्यांतून एकदाच, त्यामुळे टर्बाइन सतत फिरण्याऐवजी ढकलल्यासारखी फिरते. कॉम्प्रेशन रेशो १२ च्या वर आहे, बूस्ट द्यायचा तर पिस्टन बदला किंवा हेडखाली जाड गॅस्केट घाला. सगळ्यात छळवादी गोष्ट ऑइलची. नियमाप्रमाणे टर्बो असल्यास क्रम असा ठेवावा लागतो : आधी भोक, मग कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग), मग थ्रॉटल. भोकामुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो आणि तो दांड्यावरच्या सीलमधून ऑइल ओढून घेऊ लागतो. आमच्या गाडीने संपूर्ण हंगामभर निळा धूर सोडला. चाचणीचे दिवस धूर शोधण्यात गेले, ब्रेकचा तोल लावायचा राहूनच गेला, आणि २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीत, गाडी थांबली ती एका ब्रेकच्या नळीमुळे. टर्बो त्या दिवशी उत्तम चालत होता.

मोठ्या शर्यतींत हे दोन्ही प्रकार आजही शेजारी शेजारी धावतात. जीटी३ नावाच्या शर्यतीच्या वर्गात (पोर्शेची रस्त्यावरची जीटी३ वेगळी) मर्सिडीज-एएमजीचे ६.२ लिटरचे बिनटर्बो व्ही८, पोर्शेचे ४.२ लिटरचे बिनटर्बो इंजिन, फेरारी २९६ चे ३ लिटरचे टर्बो व्ही६ आणि बीएमडब्ल्यू एम४ चे ३ लिटरचे टर्बो इंजिन अशा सगळ्या गाड्या एकाच रांगेत उभ्या राहतात. आयोजक एकाचे भोक लहान करतात, दुसऱ्याचा बूस्ट उतरवतात, वजने घालतात आणि फेरीचा वेळ जुळवतात. तिथे जिंकणे चालक, टायर आणि खड्ड्यातल्या मुलांच्या हातावर येते. (खड्डा म्हणजे पिट, शर्यतीत गाडी थांबवून तिचे काम करायची जागा. आमच्या गटात हाच शब्द रूढ झाला होता.)

आपल्या गटात टर्बोचे काम अंगावर घेणारे दोघे असतील आणि ते पुढच्या वर्षीही असणार असतील, तर त्यांना वेगळे इंजिन देऊन चाचणी मंचावर बसवा. या वर्षीची गाडी बिनटर्बो बांधा. कारीच्या मार्गावर विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या वळणांत थ्रॉटल पूर्ण उघडे राहण्याची वेळ फार थोडी असते, आणि तारसप्तक यांनी म्हटलेली पायाखालची अचूकता तिथेच कामी येते.

होटगीरोडकर

काल रात्री सात रस्त्याजवळ चहाला बसून दोन्ही तटांपुढे हे सगळे वाचून दाखवले. टर्बोवाल्या दोघांनी पुढच्या वर्षाची जबाबदारी लेखी मागितली आहे, ती देत आहोत. मामांना ‘अर्धी बाजू बरोबर’ हा निकाल सांगितला, तर त्यांनी उरलेली अर्धी कोणाची, एवढेच विचारले, आणि एका भंगारातल्या छोट्या डिझेल गाडीचा टर्बो काढून मुलांच्या हातात ठेवला. शेवटचा प्रश्न : प्लेनम किती मोठा असावा?

उत्तर ५ : प्लेनम

इंजिनाच्या सीसीच्या चारपाच पटींपासून सुरुवात करा, म्हणजे दीड ते दोन लिटर. मोठा केला तर ताकद थोडी वाढते पण थ्रॉटलला प्रतिसाद सुस्त होतो, कारण नियमाप्रमाणे बिनटर्बो गाडीत थ्रॉटल भोकाच्याही आधी असते आणि मधली सगळी हवा भरेपर्यंत इंजिन वाट पाहते. लहान केला तर उलट. दोन तयार करा, एक दीडचा, एक दोनचा, आणि चालकाला न सांगता बदलून पाहा. भोकानंतरचा नळा सहा-सात अंशांच्या उताराने हळूहळू रुंद होत गेला पाहिजे, तिथे घाई करू नका. जोड शिवण्याआधी आतून बोट फिरवून वेल्डिंगचा दाणा राहिलेला नाही ना, हे बघा.